वफ्र्याच्या जेवणाचा फैसला

शुक्रवार, २४ ऑक्टोबर २०२५
महबूला

अल्लाहच्या मेहेरबानीनं आमच्या गावच्या कुवेत जमातीचा सालाना मेळावा आज पार पडला. तौफीक जमातीचा सेक्रेटरी, त्यानं वफ्र्याला एक मझरा, म्हणजे शेतावरचं घर, भाड्यानं घेतला होता. खजुराची झाडं, पलीकडे काकडीची ग्रीनहाउसं, मुलांना धावायला मोकळं रान. पुरुषांची सफ नमाजेला उभी राहिली तेव्हा क्षणभर वाटलं, खाडीपलीकडे आपलंच गाव आहे.

बिर्याणी शहरबानूला सांगितली होती. ही आमच्याच इमारतीत राहते, एकट्या पुरुषमाणसांना डबे पुरवते. नवऱ्यापासून सुटलेली. मुलगी रत्नागिरीला नर्सिंग शिकते. आली ती एका कुवेती घरात कामाला, त्याच व्हिसावर अजून आहे. कफील, म्हणजे व्हिसा देणारा मालक, भला म्हणून बाहेर राहू देतो. अत्तर लावते. हसली की खाली बकाल्याच्या दुकानात ऐकू जातं. तिचा आठवड्यात फोन आला होता, "भाभी, बर्फाच्या दोन पेट्या तरी सांगा." बायकांकडचा खर्च माझ्या हातात असतो. मी म्हटलं, "ऑक्टोबर संपत आला. बर्फ कशाला? तिथं काय मासळी विकायची आहे?" तेवढाच जमातीचा पैसा वाचला.

सांदणं आणि नारळाचा रस माझ्याकडे. सगळ्या म्हणत होत्या, डब्यातलं दूध आणा. मी म्हटलं, माझे हात अजून शाबूत आहेत. काल दुपारी नारळ खोवले, रस पिळला, गूळ घातला. एवढं पातेलं फ्रिजमध्ये मावेना म्हणून ओट्यावर झाकून ठेवलं. सकाळी जरासा आंबूस वास आला. अन्न टाकणं म्हणजे गुनाह. आणखी गूळ घातला, वेलची दुप्पट केली, वास मेला. मुलांनी वाट्या चाटून साफ केल्या. आमची असमा बिर्याणीला शिवत नाही, डाएट आहे म्हणे, तिनंही रस दोनदा घेतला. मला साखरेचा आजार, मी चाखला नाही. बिर्याणी मात्र दोनदा घेतली, फुकट जाऊ नये म्हणून. मसाला नको तितका होता.

शनिवार, २५ ऑक्टोबर

या अल्लाह. फजरच्या नमाजेच्या आधीपासून असमाला उलट्या. मग फोनवर फोन. ज्याच्या त्याच्या घरी हेच, त्यातही मुलंच जास्त. जमातीतल्या अरबाजच्या धाकट्याला सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलंय, डोळे उघडत नाही म्हणतात. चार वर्षांचं पोर.

मी तेव्हाच म्हटलं, बिर्याणी. दुसरं काय असणार?

असमाचे अब्बा म्हणाले, "मी बिर्याणीच खाल्ली. मला तर काही झालं नाही."

"तुमचं पोट कँटीनच्या जेवणावर पोसलेलं. त्याला काय होणार!"

असमानं बिर्याणी खाल्ली नव्हती हे खरं. पण डेग उघडली तेव्हा ती शेजारीच उभी होती. वाफ अंगावर घेतली.

मंगळवार, २८ ऑक्टोबर

अरबाजच्या पोरानं डोळे उघडले. शुक्र आहे. अजून दवाखान्यातच आहे.

संध्याकाळी तौफीक घरी आला. रत्नागिरीला वकिली शिकलेला, इथं शहरात एका कुवेती वकिलाच्या ऑफिसात अरबी टायपिंग करतो, पण बोलतो जजसारखा. म्हणाला, अरबाज पोलिसात जायला निघालाय. गेला तर जमातीचीच अब्रू जाईल. म्हणून आधी गावच्या रिवाजानं पाच पंच बसवायचे. शहरबानू दोषी ठरली तर कफीलला कळवायचं, तो गुपचूप तिकीट काढून तिला गावी धाडील. बाहेर गवगवा नाही.

"आणि पंचांत एक तुम्ही, भाभी."

मी म्हटलं, "मी मॅट्रिक बाई. मला कायदा काय कळतो?"

"पंचाला कायदा लागतच नाही. आमचे साहेब सांगतात, माणूस पुराव्यावर निकाल देत नाही. त्याच्या डोक्यात एक गोष्ट तयार होते आणि मग पुरावा तो तिच्यात बसवत जातो. ज्याची गोष्ट आधी घरात शिरली त्यानं अर्धा मुकदमा मारला."

मग त्यानं सांगितलं, काय झालं असणार. एकटी बाई. गावी पैसा धाडायची घाई. कोणीतरी फेकून द्यायला काढलेली स्वस्त कोंबडी, रात्रभर बाहेर पडलेली, सकाळी मसाल्यात लपवलेली. तो बोलत होता आणि मला ती कोंबडी दिसायला लागली. निळसर, बुळबुळीत. तो गेल्यावरही नाकातून वास जाईना.

मी हो म्हटलं. न्यायाचं काम आहे, सवाब मिळेल. ह्यांना सांगितलं तर हे नुसते बघत राहिले.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

पहिली बैठक. फिंतासला नझीरचाचांच्या दिवाणखान्यात. चाचा अबाया शिवतात, इथं येऊन त्यांची दाढी पिकली. तेच मुख्य पंच. दुसरी ताहिरा, दवाखान्यात नर्स आहे, तिला सगळे सिस्टर म्हणतात. मग शुवैखचे गॅरेजवाले दोघे भाऊ, त्यांची नावं मला पाठ होत नाहीत. एकानं मान हलवली की दुसऱ्याची आपोआप हलते. आणि मी.

चाचांनी रिवाज सांगितला. पाचही जणांचं एकमत झालं तरच फातेहा पढायची, तरच फैसला. फैसल्याआधी प्रत्येक पंचानं आपली सबब, म्हणजे मताचं कारण, आपल्या तोंडानं सांगायची, आरोपीसमोर. आणि शेवटचा शब्द आरोपीचा.

तौफीक म्हणाला, "चाचा, शेवटच्या शब्दाचं राहू दे, वेळ जातो."

तेवढ्यात एक पोरगी उठली. "रिवाज पाळायचा तर पुरा पाळा." ही जवेरिया. फिंतासला नवीन लग्न होऊन आलेली सून, पुण्याला कायदा शिकली. शहरबानूच्या बाजूनं बोलायला आली आहे. डोक्यावर ओढणी आहे, पण नावापुरती.

मला वाटलं आता बाजू मांडील. तर ही बया पंचांनाच तपासायला लागली! गॅरेजवाल्यांना विचारते, तुम्ही अरबाजची गाडी दुरुस्त करता का. ताहिराला विचारते, तुम्ही आजारी पडलात का. मग माझ्याकडे वळली.

"भाभी, शहरबानूमावशींशी तुमचं कधी वाजलंय?"

"मी कोणाशी भांडत नाही. गच्चीवर माझ्या दोरीवर ती कपडे टाकते, तेवढं सांगितलं होतं."

"आणि त्या दिवशी तुम्ही काही शिजवलं होतं?"

"सांदणं आणि रस. का?"

तौफीक हसला. "सूनबाई, मुकदमा पंचांवर आहे की आरोपीवर?" सगळे हसले. ती पोरगी काहीतरी लिहून घेत बसली. माझे कान अजून तापलेले आहेत. माझ्या मुलीपेक्षा चार वर्षांनी मोठी असेल नसेल, आणि मला उभं करते!

मग तौफीकनं सगळ्यात आधी अरबाजच्या बायकोला बोलावलं. ती काही बोललीच नाही. मोबाइलमधला पोराचा फोटो फिरवला, नाकात नळी, हाताला पट्टी. माझ्या डोळ्याला धार लागली. गॅरेजवाले रडले. शहरबानूनं फोटो पाहिला, मोबाइल परत दिला आणि भिंतीकडे बघत बसली. एक थेंब नाही. मी मनात नोंद केली.

रविवार, २ नोव्हेंबर

असमा जेवताना म्हणाली, "अम्मी, मी बिर्याणी खाल्लीच नव्हती."

"मग?"

"मग? थिंक, अम्मी. जस्ट थिंक."

मोठ्यांशी असं बोलतात? तिचा मोबाइल काढून घेतला. ह्यांनी तिला नजरेनं गप्प केलं, मला वाटलं माझ्या बाजूनं.

आज मासळी बाजारात सुरमई फार चढी. बांगडे आणले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

दुसरी बैठक. तौफीकनं शहरबानूला उभं केलं. मला त्याची कमाल वाटली. एकसुद्धा लांब प्रश्न नाही.

"जेवण विकायचं लायसन्स आहे?"

"नाही."

"ज्या घरच्या व्हिसावर आहेस, तिथं काम करतेस?"

"नाही."

"कोंबडीची पावती?"

"नाही. पावती कोण—"

"हो की नाही तेवढंच. बर्फ वापरलास?"

ती थांबली. माझ्याकडे बघितलंन. "नाही."

प्रत्येक 'नाही'ला गॅरेजवाल्यांच्या माना डोलत होत्या. बाहेर निघताना मी तौफीकला म्हटलं, लायसन्सचा पोटदुखीशी काय संबंध? तो म्हणाला, "काही नाही भाभी. पण चार वेळा 'नाही' ऐकलं की पाचवं 'नाही' माणूस स्वतःच ऐकतो."

मग जवेरियानं तिला विचारलं, काय झालं ते तुमच्या शब्दांत सांगा. शहरबानूला कुठं आहे शब्दांचं वळण! एकदम फुटली. "कोंबडी जुम्म्याच्या सकाळी माझ्यासमोर कापून घेतली. डेग उतरली तेव्हा वास घ्यायला सगळे आलात. दुसऱ्यांदा वाढ, तिसऱ्यांदा वाढ. घरी न्यायला डबे भरून घेतलेत. ते डबे रात्री उघडलेत ना? खाल्लेत ना? मग ते खाऊन कोण पडलं, एक तरी नाव सांगा!"

ही काय पंचांशी बोलायची रीत झाली? आम्हीही डबा भरून आणला होता. ह्यांनी रात्री आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खाल्ला. पण प्रश्न तो नाही. प्रश्न अदबीचा आहे. खरं बोलणारा माणूस खालच्या आवाजात बोलतो.

जवेरियानं मग आजारी मुलांच्या आयांना एकेक करून विचारलं, तुमच्या मुलानं बिर्याणी किती खाल्ली? एक म्हणाली, तिखट लागली, थुंकला. दुसरी म्हणाली, सांदणंच खाल्ली. तिसरी म्हणाली आठवत नाही, आणि माझ्याकडे बघून खाली बघितलं. ताहिरानं तोंड उघडलं, "दवाखान्यात डॉक्टर विचारत होते, नारळाचं काही..." मग तिचंही माझ्याकडे लक्ष गेलं. "जाऊ दे. मला नक्की आठवत नाही," म्हणाली. पंचानं अर्धवट बोलू नये.

अरबाजचा पोरगा घरी आला. फार उतरलाय, उभं राहिलं की पाय थरथरतात.

सोमवार, १० नोव्हेंबर

मन शांत नव्हतं म्हणून काल इस्तिखाऱ्याची नमाज पढले. म्हटलं, या अल्लाह, तूच दाखव, दोषी कोण.

स्वप्न पडलं. गावच्या खाडीची वाळू. एक बाई पाठमोरी बसून पातेलं वाळूत पुरते आहे. मी हाक मारली, तिनं मान वळवली नाही. चेहरा दिसला नाही. ओढणी मात्र ओळखीची वाटली.

शहरबानूच. दुसरं कोण असणार! आता शंका राहिली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पंचांचीच बैठक, दार बंद करून. चाचा म्हणाले, एकेक बोला. मी म्हटलं, मीच सुरुवात करते. गोष्ट सांगितली: एकटी बाई, घाई, स्वस्त कोंबडी. मग स्वप्न सांगितलं. गॅरेजवाल्यांनी हात वर केले. ताहिरा पायाकडे बघत म्हणाली, "सगळ्यांचं तेच असेल तर माझंही तेच."

राहिले चाचा. दाढी कुरवाळत बसले.

"मुनिरा, इस्तिखारा कशाकरता असतो गो?"

"अल्लाहकडून इशारा घ्यायला."

"आपल्या कामाचा. मुलगी द्यावी की न द्यावी, घर घ्यावं की न घ्यावं. दुसऱ्याचा गुन्हा विचारायला इस्तिखारा नसतो. त्याला साक्षीदार लागतो. तुझ्या स्वप्नात काय दिसलं असेल ते तुझंच."

भरल्या बैठकीत मला दीन-धर्म शिकवतात! माझ्याही तोंडून गेलं, "चाचा, तुमच्या घरी तिचा डबा येतो म्हणून तुम्हाला पाझर फुटला. चाची गेल्यावर जेवायला कोण घालणार, ती भीती."

चाचांचा चेहरा पांढरा पडला. म्हणाले, "पुढच्या जुम्म्याला सांगतो. एकटा म्हातारा जमातीच्या आड किती दिवस येणार?"

म्हणजे वाकले. खाली उतरल्यावर गॅरेजवाल्यांपैकी मोठा म्हणाला, "भाभी, काय बोललात!" शाबासकी देत होता की काय, कळलं नाही.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अक्षर वेडंवाकडं येतंय.

सकाळी जमियात, सहकारी बाजारात, कांदे निवडत होते. जवेरिया तिथं. सलाम केला आणि माझ्यासमोर वाट अडवून उभी राहिली.

"भाभी, एक विचारू? तुम्हाला पंच का केलं, ठाऊक आहे?"

"माझा ईमान लोकांना माहीत आहे म्हणून."

"ज्याच्यावर बोट येऊ शकतं त्याला आरोपीच्या जागेवर बसू द्यायचं नाही. पंचाच्या खुर्चीवर बसवायचं. मग तो दुसऱ्या कोणाला सोडत नाही, कारण दुसऱ्याला सोडलं तर प्रश्न त्याच्याच दारात येतो. फार हुशार चाल आहे. माझ्या कॉलेजात शिकवली नव्हती."

"तोंड सांभाळ, पोरी."

"मी सांभाळतेच आहे. नाहीतर पहिल्याच दिवशी रसाचं नाव घेतलं असतं. मावशींनीच अडवलं. म्हणाल्या, त्या बाईला जगात तोंड दाखवायचंय."

मी कांदे तसेच टाकून आले. आमच्या रसाचं नाव! माझ्या सासूकडून शिकलेला रस! सरळ तौफीकला फोन लावला. म्हटलं, ही काल आलेली असं असं बोलते, तिला जमातीतून काढा.

तो हसला. मला वाटलं रागवेल, तो हसला. "भाभी, मनावर घेऊ नका. मी तुम्हाला वाचवलं ते विसरू नका."

"मला? कशापासून?"

"आता फोनवर काय बोलायचं. पहिल्याच दिवशी बायका कुजबुजायला लागल्या होत्या. मी म्हटलं, मुनिराभाभीला पंच करा, आपोआप तोंडं बंद होतील. झाली की नाही?"

तोच पुढं म्हणाला, "फक्त आता मागं फिरू नका. तुम्ही शहरबानूला सोडलंत तर लोक लगेच म्हणतील, मग रसच. कळतंय ना?"

म्हणजे हा माणूस माझ्या दारात येऊन, माझा चहा पिऊन, माझ्याच रसाला नासका समजत होता. आणि वर म्हणतो वाचवलं. मला भाजीत तमालपत्र टाकतात तसं टाकलं. चव घ्यायची आणि ताटाच्या कडेला काढून ठेवायचं.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग आता काय करशील?"

"खरं काय ते बोलीन."

ह्यांनी एवढ्या आशेनं माझ्याकडे बघितलं की मला कळेना, ह्यांना काय झालं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

लिहिते जसं झालं तसं.

दिवाणखाना भरलेला. शहरबानूनं सगळं आवरून ठेवलंय असं कळलं, बॅगेला दोरी बांधली आहे. मुलीच्या कॉलेजचं हे शेवटचं वर्ष, आणि इथून गेली तर परत व्हिसा नाही. ती जवेरियाच्या बाजूला बसली होती. आज अत्तर नव्हतं.

चाचांनी मला विचारलं, "मुनिरा, तुझी सबब."

मी उभी राहिले. बिस्मिल्लाह म्हटलं. "शहरबानूच्या बिर्याणीत खोट नव्हती. आम्ही डबा आणला, दोन वेळा खाल्ला, काही झालं नाही."

एकदम गलका. हे कोपऱ्यात उभे होते, त्यांनी डोळे मिटले. तौफीक माझ्याकडे बघत होता, सांगितलं होतं ना, अशा नजरेनं. मी त्याच्याकडे बघतच पुढं बोलले.

"आणि माझ्या रसातही खोट नव्हती. खोट मझऱ्याच्या पाण्याच्या टाकीत होती. तौफीकनं स्वस्तातला मझरा घेतला. टाकीचं झाकण उघडं. आत कबुतरं पडलेली. त्याच पाण्यानं मुलांनी हात धुतले, तेच प्यायली. आपली चूक झाकायला ह्यानं एका गरीब बाईवर बालंट आणलं."

टाकी मी पाहिली नव्हती. पण बोलता बोलता मला ती दिसायला लागली, हिरवं पाणी, वर तरंगणारी पिसं. अशी टाकी उघडीच असते.

दिवाणखाना उलटला. गॅरेजवाल्यांनी दोघांनी हात वर केले, "बरोबर, टाकीच!" मोठ्याला तर पाण्याचा वासही आठवला. मुलांच्या आया बोलायला लागल्या, हो, नळाचं पाणी गढूळ होतं. अरबाज उठून तौफीकच्या अंगावर गेला, "तू? तू माझ्या घरी येऊन रडत होतास?" कॉलर धरली. तौफीकची बायको किंचाळली, तिच्या कडेवरचं पोर रडायला लागलं. तौफीक नुसता कॉलर सोडवत राहिला. एरवी जजसारखा बोलणारा. खोटं का बोलू, मला बरं वाटलं.

चाचा टेबलावर हात आपटत म्हणाले, "पाचांचं मत होतंय. शहरबानू निर्दोष. शेवटचा शब्द तिचा."

जवेरिया तिचा हात धरून खाली ओढत होती. मला ऐकू आलं, "मावशी, बसा. जिंकलो आपण. जिंकल्यावर बोलायचं नसतं."

शहरबानू उठलीच. त्या दिवशीसारखा आवाज नाही. जेमतेम ऐकू येईल असं बोलली.

"अरबाज, त्याची कॉलर सोड. टाकीला झाकण होतं. मझऱ्यावरच्या मजुरानं माझ्यासमोर उघडून दाखवलं, पाणी साफ होतं. तरी मी घेतलं नाही, घरून कॅन नेले होते. मुलांच्या पिण्याचं पाणीही कॅनचंच होतं, मीच भरून देत होते. तौफीकभाईनं माझ्याशी वाईट केलं ते अल्लाह बघेल. पण मी सुटावी म्हणून त्याच्या मानेवर खोटं नको, त्यालाही पोरं आहेत. माझ्या ह्या बोलण्यानं फैसला फिरत असेल तर फिरू दे. माझी बॅग भरलेली आहे."

मग तिनं माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणार. सगळ्यांनाच वाटलं, कारण सगळे तिच्याबरोबर माझ्याकडे वळले. ती काही बोलली नाही. ओढणी नीट केली आणि खाली बसली.

मी तिला वाचवायला उभी राहिले आणि तिनं भरल्या जमातीत मला खोटं पाडलं. ही हिची परतफेड!

अरबाजनं कॉलर सोडली होती. तो म्हणाला, "चाचा, मी कुठंच तक्रार करत नाही. सुटत असताना जी बाई असं बोलते, तिनं माझ्या पोराला विष घातलं नसेल." आणि त्याची बायको, जी पहिल्या दिवशी एक शब्द बोलली नव्हती, ती म्हणाली, "मावशी, उद्यापासून त्याला पेज करून द्याल का? माझ्या हातची घेत नाही."

शहरबानू तेव्हा रडली.

चाचांनी एकेकाला परत विचारलं. ताहिरा ह्या वेळी पायाकडे न बघता म्हणाली, "निर्दोष. मी पहिल्या दिवशीच बोलायला हवं होतं." गॅरेजवाले, निर्दोष. मला विचारलं तेव्हा मी मान हलवली. मी तर तेच म्हणत होते. मीच सगळ्यात आधी म्हटलं होतं.

मग मुलं कशानं आजारी पडली, हे कोणीही विचारलं नाही. एकानंही नाही. चाचा म्हणाले, "ते ज्याला कळायचं त्याला कळलंय," आणि हात उचलून फातेहा पढली. सगळ्यांनी हात उचलले, मीही उचलले.

चहाचा ट्रे आला. बायकांमधून फिरत फिरत माझ्यापर्यंत पोचला तोवर कप संपले होते. घाईत मोजायला चुकले असतील. मी म्हटलं, राहू दे, मला साखर चालत नाही. कोणी ऐकलं की नाही कोण जाणे.

गाडीत असमा मागं कानात बोंडं घालून बसली. हे गाडी चालवत होते. घरी पोचलो. गाडी बंद केली आणि चाकावर हात तसेच ठेवून म्हणाले, "मुनिरा, मला वाटलं होतं तू आज बोलशील."

"बोलले की! भर सभेत बोलले."

"हो," म्हणाले आणि उतरून वर गेले. माझ्यासाठी लिफ्ट धरली नाही.

शनिवार, २२ नोव्हेंबर

जिन्यात शहरबानू भेटली. हातात अरबाजच्या पोराच्या पेजेचा डबा होता. तिनंच आधी सलाम केला. मी जबाब दिला. फर्ज आहे.

अस्रची नमाज पढून बराच वेळ मुसल्ल्यावर बसले. ठरवलं, मनात किल्मिष ठेवायचं नाही. शहरबानूला माफ केलं. तौफीकला माफ केलं, जड गेलं पण केलं. त्या जवेरियाला माफ केलं. चाचांच्या म्हातारपणाला माफ केलं. अरबाजच्या लेकराच्या पायात ताकद दे म्हणून मागितलं, त्याच्याकरता का कोण जाणे, तेच तीनदा मागितलं. ह्यांच्यासाठी मागितलं, असमासाठी मागितलं.

मग स्वतःसाठी मागायला हात उचलले. तसेच उचलून बसले. काय मागायचं ते सुचलं नाही.